हुंगलेल्या फुलांची टोपली

नाशिक, ता. ११ जुलै १९३६

ती. दादांस,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

बालवर्गाला महिना झाला. माळ्यांची चौदा मुले येतात, सगळी पाच वर्षांच्या आतली. चिंचोके आणि गुंजा निवडतात, मातीचे बैल करतात, एका तांब्यातून दुसऱ्यात पाणी ओततात. निम्मे अंगावर सांडते. ओसरी कोंडाजीबुवांची. पोळ्याला ते डोकी मोजणार. दहाच्या खाली भरली तर तेथे कांदा भरणार आहेत. तसे झाल्यास मी वर्ग सोडून आपल्याकडे येईन, हे कबूल केलेच आहे. वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली,
सगुणा

इगतपुरी, ता. १८ जुलै

चि. सगुणास अनेक आशीर्वाद.

चिखल कालवायलाही ट्रेनिंग लागते, हे तुझ्यामुळे कळले. तुझी वहिनी म्हणते, स्वयंपाकाला जोडीदारीण मिळाली तर तिला हवीच आहे, पण त्यासाठी तू हरावीस असे नाही. मी मात्र रिकामी ट्रंक गाडीने पाठवत आहे. सामान बांधायला लागेल. प्रकृतीला जप आणि आम्हांला विसरू नकोस.

तुझा,
दादा

नाशिक, ता. २८ जुलै

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

ट्रंक पोहोचली. वेळेवरच म्हणायची.

डोळे बांधून वासावरून फूल ओळखायचे, असा आमचा एक खेळ आहे. त्यासाठी बायका उरलेली फुले देतात. काल श्रावणी सोमवार. भागुबाई देवळापुढे फुले विकते. तिने भरलेली टोपली ओसरीच्या सावलीत ठेवली आणि ती पाणी भरायला गेली. मी ती खेळाचीच समजले. ती परत येईपर्यंत एकूण एक फूल चौदा नाकांखालून गेले होते. हुंगलेले फूल देवाला कसे चालावे? मी माफी मागितली. ती म्हणाली, की बाई, तुम्ही लय शिकलेल्या, पण एवढं तर आमच्या शेंबड्या पोरालाबी कळतं. तिचे खरेच होते. आज तीन मुले आली. लोभ कमी होऊ नये.

सगुणा

इगतपुरी, ता. ३ ऑगस्ट

चि. सगुणास आशीर्वाद.

चूक तुझीच आहे, तेव्हा रडत बसू नकोस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीला मी स्टेशनावर उभा राहीन. आलीस तर घर आहे. न आलीस तर मी चहा पिऊन घरी जाईन.

दादा

नाशिक, ता. १५ ऑगस्ट

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

हुंगणे बंद केले. आता डोळे बांधून बोटांनी फुले ओळखतो, तीही वाटेत गळून पडलेली. भागुबाईची चार वर्षांची फुला वर्गात येत नव्हती. कुंपणापलीकडून बघायची आणि घरी जाऊन डोळे मिटून तेच करायची. भागुबाईला हल्ली जवळचे नीट दिसत नाही. टोपलीतला कालचा झेंडू फुला नुसत्या हाताने बाजूला काढते, हे तिला परवा कळले.

आज ती दोन टोपल्या घेऊन आली. एक फडक्याने झाकलेली, ती डोक्यावरून उतरवलीच नाही. दुसरी उघडी, ताज्या फुलांची. ती तिने ओसरीत ठेवली, त्यातला एक मोगरा उचलून सगळ्यांदेखत हुंगला, परत टोपलीत टाकला आणि लेकीला आत ढकलले. पाठोपाठ इतर बायकांनी आपापली मुले आणली. कोंडाजीबुवांनी पोळ्याची वाट न बघता आजच मोजली. अकरा भरली.

ट्रंकेत चिंचोके ठेवले आहेत. मंगळवारी स्टेशनावर आपण चहा घ्यालच, माझ्या वाटचाही घ्यावा. आठवण असू द्यावी.

आपली,
सगुणा