काळं पडलेलं झाकण

रविवार, दिवेलागण

अण्णांच्या जुन्या फियाटचं बॉनेट आज गॅरेजात उघडलं. ऑइल भरायच्या तोंडावर एक काळं पडलेलं झाकण तारेने आवळलेलं होतं. मिस्त्री म्हणाले, "हा पार्ट या गाडीचा नाय." मग कशाचा?

घरी आणून चिंचेने घासलं. पितळ निघालं, वर कमळ. आईने ते हातातून ओढूनच घेतलं. "माझ्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण!"

म्हणजे अण्णांचाच उद्योग! जाईपर्यंत अवाक्षर काढलं नाही. आणि आई? झाकण हरवलं तेव्हा ते काकूनेच नेलं, असं धरून बसली. तेव्हापासून काकूला हळदीकुंकवाला बोलावणं नाही.

झाकण करंड्यावर अजून चपखल बसतं. आई बराच वेळ ते फिरवत राहिली. मग म्हणाली, "काकूला फोन लाव. माळ्यावर सापडलं म्हणून सांग."

फोन लावला आणि तिच्याच हातात दिला.