सिरमबद्दल विचारलंस म्हणून

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. भावजींचा खोकला अजून आहे म्हणतेस, तर एकदा छातीचा फोटो काढून घ्या. नुसत्या औषधाच्या बाटलीवर ढकलू नका. औषधांच्या दुकानात कामावर रोज बघते मी, लोक महिना महिना तसंच ढकलतात. इकडे मी ठीक आहे. जेवते, झोपते, कामावर जाते.

अप्पांबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास आणि उरलेलं पानभर माझ्या चेहऱ्याबद्दल. राग नाही आला गं, उलट हसूच आलं. समोरच्या टेलरीणबाईंनी तुला पाठवलेल्या फोटोत मी म्हणे चाळिशीची दिसते, आणि मी काय लावते ते तुला हवंय. अप्पा जाऊन आठ दिवस झाले होते तेव्हाचा फोटो तो. त्यातही कातडी तेवढी चकाकत होती, काय सांगू!

तर ऐक. पेप्टाइडचं सिरम लावते. पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे. वय झालेली कातडी आळशी होते, तिला हे ढोसतात, ‘ऊठ, कामाला लाग’ म्हणून. घेताना जाहिरातीतल्या बाईकडे बघू नकोस, ती पंचविशीची असते. बाटली उलटी करून मागचं वाच. घटकांच्या यादीत पेप्टाइडचं नाव स्पष्ट असावं आणि सुगंध नसावा, तुझ्या कातडीला तर मुळीच नको. बाटली गडद काचेची किंवा पंपाची घे, उघड्या तोंडाच्या डबीत ते टिकत नाही. महाग ते चांगलं असं काही नसतं. आणि तांब्याचं पेप्टाइड असलेलं घेतलंस तर व्हिटॅमिन सीचं सिरम त्याच वेळी लावू नकोस. एक सकाळी, एक संध्याकाळी.

आधी दोन दिवस कानामागे लावून बघ. खाज, लाली नसेल तर चेहरा धुऊन, जरा ओलसर असतानाच तीन-चार थेंब घे. चोळायचं नाही, थापायचं. मान विसरू नकोस, बायका मान विसरतात आणि मान चुगली करते. वरून क्रीम लाव, सकाळी सनस्क्रीनही. तीन महिने धीर धर. दहा वर्षं मागे जाशील असं कुणी सांगितलं तर त्या दुकानातून बाहेर पड. बारीक रेघा थोड्या बुजतात, कातडी जरा भरल्यासारखी दिसते. बस, एवढंच.

एवढंच लिहून पत्र बंद करणार होते. चहा करून आले, परत बसले. तू विचारलंयस, ‘तू कधी पावडर न लावणारी, तुला हे खूळ कुठून लागलं?’ त्याचं उत्तर राहिलंच.

दीड वर्षापूर्वी अप्पा मला ‘अगं’ म्हणायला लागले, आईला म्हणायचे तसं. सुरुवातीला मी हसायचे. टेलरीणबाईंनाही गंमत म्हणून सांगितलं होतं. ‘अगं, माझे मोजे कुठे ठेवलेस?’ ‘अगं, दुकानाच्या किल्ल्या दे.’ त्यांचं चष्म्याचं दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली, पण किल्ल्या रोज हव्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा विसरण्याचा आजार ताजं आधी पुसतो, जुनं शेवटी. मग विचारलं, तुम्ही आईसारख्या दिसता का? मी म्हटलं, थोडी.

थोडी कसली! तू मला अकरा वर्षांत पाहिलं नाहीस. तुझ्याकडे आले होते तेव्हा मी बेचाळीसची होते, तेव्हा एवढं नव्हतं. पन्नाशीनंतर एके दिवशी दुकानातल्या आरशात बघितलं तर आई उभी. ओठांच्या कडेच्या त्या दोन रेघा, डोळ्यांखालच्या पिशव्या, ‘काही नाही गं, मी ठीक आहे’ म्हणणारा तो चेहरा.

आणि अप्पांचे डोळे शेवटपर्यंत शाबूत. जन्मभर लोकांना दृष्टी विकली त्यांनी, स्वतःला कधी नंबर लागला नाही. डोकं गेलं, डोळे राहिले. त्यामुळे ते मला नीट बघायचे, आणि बघून आईशी वागायचे तसे वागायचे.

पहिल्यांदा चहा गार होता म्हणून. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, बटण लावायला हात थरथरतात, पण थप्पड तशीच बसली, कानाच्या खाली. तुला ठाऊक आहे ती जागा. दुकानात केस मोकळे सोडून गेले. मालकीणबाई म्हणाल्या, ‘आज काय विशेष?’ त्याच दिवशी मी सिरमची नमुन्याची बाटली उचलली. ताई, मला तरुण दिसायचं नव्हतं. मला आईसारखं दिसायचं नव्हतं. त्या दोन रेघा गेल्या तर त्यांना मी दिसेन, त्यांची ठकी दिसेन, असं वाटलं. खुळेपणाच. रोज गिऱ्हाइकांना सांगते, चमत्कार होत नसतो, आणि स्वतः घरी येऊन चमत्काराची वाट बघत बसले.

रेघा थोड्या बुजल्याही. मग काय झालं सांगू? ते मला आणखी तरुण आई समजायला लागले. सिरममुळे नसेल. आजारच मागे मागे जात होता, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. पण मला मात्र वाटायचं, हे मीच ओढवून घेतलं. म्हातारपणी ते आईवर नुसते खेकसायचे. आता आली ती आपल्या लहानपणची वर्षं. ‘कुणाकडे बघून हसलीस?’ ‘दार लावायला एवढा वेळ?’ दिवसा सांभाळायला येणाऱ्या बाईंना ते ‘ताई, बसा, पाणी घ्या’ म्हणायचे. हात उठायचा तो फक्त माझ्यावर.

तुला फोनवर का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ‘टाक त्यांना कुठेतरी आणि निघ.’ तू एकोणिसाव्या वर्षी निघालीस, बरंच केलंस. मला ते ऐकायचं नव्हतं, कारण मी कबूल झाले असते.

आता खरं ते लिहिते. ते न्हाणीघरात पडले असं मी तुला सांगितलं. डॉक्टरांना, टेलरीणबाईंना, सगळ्यांना ‘मी दूध आणायला गेले होते’ असं सांगितलं. दोन्ही खोटं.

दहा ऑगस्ट, रविवार. बाईंना सुट्टी. दुपारचे तीन वाजले असतील. मी वाळलेले कपडे पिशवीत भरत होते, इस्त्रीला द्यायला. अप्पा खोलीतून आले, पिशवीकडे बघितलं आणि एकदम खाली बसले. माझे पाय धरले.

‘जाऊ नकोस. पोरींना नेऊ नकोस. यापुढे हात उचलला तर हा हात तोडून टाक.’

शब्दन् शब्द तेच, ताई. मी आठ वर्षांची होते, तू तेरा. आपण दोघी चपला घालून दाराशी उभ्या होतो. आईने पिशवी खाली ठेवली, तुझ्या चपला तुझ्या पायांतून काढल्या आणि आत जाऊन स्वयंपाकाला लागली. हात तोडायची वेळ आठवड्यातच आली होती, पण तो कुणी तोडला नाही.

मी खाली बघितलं. टक्कल, डाग पडलेली कातडी, माझ्या घोट्यांभोवती ती बोटं. दया आली. आली नाही असं नाही. आणि तोंडातून निघालं, ‘मी चालले. पोरींना घेऊन चालले.’ आईच्या आवाजात नाही, माझ्याच आवाजात. पाय सोडवून घेतले, पिशवी उचलली आणि बाहेर पडले. ते भरकटू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी घालावी लागायची. रोज घालायचे. त्या दिवशी मुद्दाम घातली नाही की विसरले, हे मी स्वतःला शंभरदा विचारलंय. मुद्दाम नसेल. पण कोपऱ्यावर पोचले तेव्हा आठवलं होतं, आणि मी परत फिरले नाही.

बस थांब्यावर बसले. दीड तास. बस येत होत्या, जात होत्या. मांडीवर धुतलेले कपडे. आणि खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं.

परत आले तर जिन्यात माणसं. टेलरीणबाई रडत सांगत होत्या. अप्पा अनवाणी बाहेर आले, त्यांच्या दारावर थापा मारल्या आणि विचारलं, ‘एक बाई आणि दोन मुली जाताना बघितल्या का? मोठीला चष्मा आहे.’ टेलरीणबाई ‘थांबा, आत बसा’ म्हणेपर्यंत ते जिन्यावरून धावले. धावले, ताई. वळणावर पडले. खुब्याचं हाड मोडलं, मग छाती भरली, पुढचं तुला ठाऊक आहे. चोवीस दिवस.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही. ती तुझ्या वाट्याचीही आहे, म्हणून हे सगळं पत्र.

रुग्णालयात त्यांनी मला एकदाही आई म्हटलं नाही. ठकीही म्हटलं नाही. मी परकी बाई होते, आणि मला ते ‘अहो’ म्हणायचे. जायच्या तीन दिवस आधी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. वॉर्डातल्या मावशी पलीकडे चादर बदलत होत्या. त्यांनी सहज विचारलं, ‘आजोबा, घरी कोण कोण असतं?’

अप्पा म्हणाले, ‘कुणी नाही. बायको गेली, दोन्ही पोरींना घेऊन.’

मावशी म्हणाल्या, ‘अरेरे.’

‘अरेरे कशाला? बरं केलं तिने. मी मारायचो तिला. पोरींसमोर मारायचो. मोठी पलंगाखाली जाऊन बसायची, चष्मा मुठीत धरून.’

जन्मभरात या माणसाने ‘मारायचो’ हा शब्द उच्चारला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही. ते माझ्याकडे वळले. डोळे अगदी स्वच्छ. म्हणाले, ‘अहो, तुम्ही बाहेर जा-ये करता. त्या तिघी कधी भेटल्या तर मी इथे आहे हे सांगू नका.’

मी म्हटलं, ‘नाही सांगत.’

‘नक्की?’

‘नक्की.’

मग त्यांनी डोळे मिटले. मी तोंड पुसलं आणि मोरीपाशी जाऊन टॉवेल पिळला.

हे मला ऐकू यावं म्हणून त्यांना पडावं लागलं का, आणि मी कडी घातली असती तर हे ऐकायला मिळालं असतं का, मला कळत नाही. त्यांना क्षमा केली असंही नाही. मनातून तुटलेलंच आहे. तुला सांगायचं एवढंच, की तू पलंगाखाली बसायचीस हे त्यांना माहीत होतं. सगळ्यात शेवटपर्यंत त्यांना तेच आठवत होतं.

लगेच फोन करू नकोस. आधी भावजींना वाचायला द्यायचं असेल तर दे, नसेल तर फाडून टाक. दार उघडं टाकून गेलेली बाई तुझी कोण, हे सावकाश ठरव. ठरेपर्यंत मी सही जुनीच करते, दुसरी मला येत नाही.

तुझी,
ठकी