नाश्त्यासकट खोली

प्रिय अनिता,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. रागावलेली तर तू आधीच आहेस. रोज लिहायला बसतो आणि वाटतं, एखादा वेडावाकडा शब्द जाईल आणि तुझ्या जिवाला घोर लागेल. डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलंय. पायाखाली उशी घेतेस ना? गोळ्या चुकवत नाहीस ना?

मी सध्या तुंगार्लीत, आपल्या घरी नाही. समुद्रकाठच्या एका गावात, नजमाबाईंच्या घरी नाश्त्यासकट खोली घेऊन राहिलोय. गावाची रया गेलीय. धक्क्याला आता बोट लागत नाही, थेटर बंद पडलंय, दुकानांच्या पाट्यांचे रंग खाऱ्या वाऱ्याने उडालेत. पाहुणा म्हणून मी एकटाच.

जन्म लोणावळ्याच्या बंगल्यांवर माळीकाम करण्यात आणि आल्यागेल्याला चहा देण्यात गेला. पाहुणा होणं मला जमत नाही. पहिल्याच पहाटे उठून चादरींच्या घड्या घातल्या, अंगण झाडलं, जास्वंदीला पाणी घातलं. नजमाबाईंना वाटलं, घर घाण आहे असा टोमणा मारतोय. रुसल्याच त्या. मग मी चिक्कीचा पुडा पुढे केला, तेव्हा हसल्या. म्हणाल्या, "आबा, पाहुणे आहात की गडी, ते एकदा ठरवा." आता त्या घावन वाढतात आणि मी हात मांडीवर ठेवून गप्प बसतो. बसलो की तू आठवतेस. लहानपणी पाहुण्यांच्या खुर्चीत चढून मला हुकूम सोडायचीस, "माळीदादा, एक आम्लेट!" मी रिकामी बशी घेऊन पळत यायचो. तो आवाज अजून कानात आहे. हल्ली फोन केला की जावईबापू उचलतात आणि म्हणतात, झोपलीय.

तू म्हणालीस, "माझ्या घरचा चहा घ्यायचा नसेल, तर येऊच नका." तुझं बरोबर आहे. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही रीत आता कोण पाळतं? तुझी आई तर तुझ्याकडे राहून जेवतेय. मलाच म्हणते, "मी लेकीचं करायला आलीया, उपाशी मरायला न्हाई. तुमी घोटभर पानी प्यालात तर आभाळ पडंल व्हय?" पडणार नाही, कळतं मला. पण दोनदा दिवस राहूनही आपल्या हाती काही लागलं नाही, बाळ. या खेपेला माझ्याकडून काही मोडायला नको, एवढंच मनात घर करून बसलंय. भित्रा आहे मी, पण निष्ठुर नाही.

धक्का आणि बंद थेटर वाचून तू ओळखलं असशील. तुझ्याच गावात आहे मी, तुझ्या मागच्या गल्लीत. गच्चीवर गेलं की दोरीवर वाळणारा तुझा निळा गाऊन दिसतो. आईला ठाऊक आहे. बाजारात भेटते, तुझं सांगते. पण नुसतं ऐकून पोट भरत नाही. मला तुझ्या पायरीवर बसू देशील का? पाण्याची बाटली माझी मी आणीन. तू आतून पडल्या पडल्या बोल, हवं तर भांड. सगळं नीट पार पडलं की तुझ्या घरी चहा मागून पिईन, वर आणखी अर्धा कप. आत्ता फक्त "या" म्हण. पत्र आईजवळ देतोय. तिच्याच हाती निरोप पाठव, लवकर.

तुझाच,
आबा