सव्वा वाटीचा हिरवा शिरा

नाशिक रोड,
२० ऑगस्ट २००३

चि. आल्हादराव यांस शामसुंदरचे अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता इकडे सुखरूप आहोत, तुम्हीही पुण्यात तसेच असाल. नसाल तर आम्हाला पाठवलेली ती गोड पावडर स्वतःच घ्या. तुमच्या पत्रकाप्रमाणे तिच्यापुढे रक्तदाब, वजन, किडके दात आणि बहुधा वक्री शनीसुद्धा टिकत नाही.

तुमच्या ताईला मधुमेह निघाल्याला तीन वर्षं झाली. जिलबीच्या कढईसमोर जिचे पाय आपोआप थबकायचे, अशी ही बाई. पण तेव्हापासून तिनं साखरेचा कण तोंडात घातलेला नाही. बरं, तक्रारही करत नाही, याचाच मला जास्त त्रास होतो. अशात तुमचा स्टीव्हियाच्या पानांच्या पावडरीचा डबा आला. साखरेहून कित्येक पट गोड आणि तरी रक्तातली साखर वाढवत नाही म्हणे. भावानं पाठवलं म्हणजे वेदवाक्य. त्याच संध्याकाळी आमचा साखरेचा डबा शेजारच्या ज्योत्स्नाबाईंकडे गेला आणि मला (ज्याला कसलाही आजार नाही, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्मभर राख खाऊनही नाही) हिरवट चहा मिळू लागला. पहिला घोट गोड, आणि मग तासभर ज्येष्ठमध चघळल्यासारखं. हल्ली मी चहा स्टेशनबाहेरच्या टपरीवर घेतो.

त्यात परवा आमच्याकडे श्रावणातला सत्यनारायण झाला. तुमच्या मालिनीताईनं ठरवलं, प्रसाद या पावडरीचाच करायचा. चिमूटभर पुरे, असं पत्रकात ठळक छापलं होतं, पण गुरुजी अडून बसले. साखर बदलली तर देव समजून घेईल, सव्व्याचं माप मोडलं तर नाही, असा त्यांचा निवाडा. रवा सव्वा वाटी, तूप सव्वा वाटी, तर गोडही सव्वा वाटीच. मी म्हटलं, गुरुजी, हे माप साखरेचं आहे. त्यावर तुमच्या ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी फुलं निवडायला बसलो. (तुमचा शब्द वेदवाक्य खरा, पण देवाच्या मापापुढे तुम्ही तरी कोण हो?)

शिरा झाला शेवाळाच्या रंगाचा. आता प्रसादाची अडचण तुम्ही जाणताच. नको म्हणता येत नाही आणि टाकता तर मुळीच येत नाही. गुरुजींनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. मंडळींना वाटलं, भाव दाटला. मग त्यांना पुढच्या घरची पूजा एकदम आठवली. ज्योत्स्नाबाई तांब्याभर पाणी प्यायल्या, तर त्यांना पाणीही गोड लागायला लागलं. आमच्या खात्यातले धनराज मात्र सरळ माणूस. "साहेब, लय गोड हाय," ते म्हणाले, "इतकं गोड की कडू लागतंय." आपल्या द्रोणात उरलेला शिरा त्यांनी रुमालात बांधला आणि घरच्यांसाठी नेला. त्यांच्या घरच्यांनी काय केलं ते अजून कळलेलं नाही.

तात्पर्य, ही वनस्पती सभ्य माणसाच्या घरात ठेवण्याजोगी नाही. पुन्हा असलं काही पाठवू नका. कळावे, लोभ आहेच.

तुमचा,
शामसुंदर

ता. क. : आणखी दोन डबे लवकर पाठवा. सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात डोकावलो, तर तुमची ताई ओट्याशी उभी राहून कढईतला शिरा खात होती. तीन वर्षं तिनं प्रत्येक प्रसाद नुसता डोळ्यांना लावून माझ्या हातावर ठेवला होता. "गोड आहे हो," एवढंच म्हणाली. (रव्यानंही साखर वाढते, असं डॉक्टर बजावतात. त्यांना पुढच्या आठवड्यात तोंड देऊ.) कडवट लागत नाही का, हे मी विचारलं नाही.

पुन्हा ता. क. : डबे तिच्याच नावानं पाठवा आणि आत स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहा. यंदा राखीला तुम्ही आला नाहीत. ही ओवाळणी आहे असं ती समजेल. मी मागवले हे तिला कळलं, तर 'यांनाही पावडर आवडली' म्हणून ती त्यातला अर्धा वाटा मला देईल.