उघड्या पाठीची फळी

तीर्थस्वरूप कुमारदादा यांस,

हिर्डोशीहून हनुमंतचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, त्यामुळे आठातली दोन अंगं वजा करावीत). आपली, वहिनींची आणि शेफालीची तब्येत उत्तम असेलच. चाकणला पाऊस अंगावर न घेता काचेतून बघता येतो असं ऐकतो. इकडे सगळं जागच्या जागी आहे, म्हणजे तुझी आई खाटेवर आणि खाट भिंतीला. (इथून पुढे तू म्हणतो. चिडलेल्या माणसाला आपण-तुम्ही फार वेळ झेपत नाही.) फोनच करणार होतो, पण फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस. कागदाला तसं सांगता येत नाही.

मागे तू धंद्याचं विचारलं होतंस. धंदा तोच, बिनखोक्याचे स्पीकर. जाड फळी, तिला गोल भोक, भोकात स्पीकर आणि मागची बाजू सताड उघडी. खोक्यात कोंडलेला आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. उघड्या फळीतून माणूस समोर बसून बोलल्यासारखा वाटतो. किमतीचं मात्र काही खरं नाही. वेल्ह्याकडचे फार्महाऊसवाले फळीला जुन्या खिळ्यांची भोकं जितकी जास्त तितके पैसे वाढवून देतात (एकाने तर वाळवीचेही दिले). आपली माणसं मागून हात घालून बघतात, खोकं बसवायचं राहिलंय म्हणतात आणि निम्म्यात मागतात. उत्रोलीच्या मानसिंगने तर घरी नेऊन मागून पत्रा ठोकला आणि आवाज बसला म्हणून माझ्याशीच भांडायला आला.

तर आत्याला, म्हणजे तुझ्या आईला, मोबाईलवरचं तुझं बोलणं ऐकू येईना. (भोरहून आणलेलं कानातलं मशीन तिने दागिन्यांच्या डबीत ठेवलंय. घातलं तर हरवेल म्हणते.) तिनेच मला बोलावलं आणि माळ्यावरच्या लाकडांतली फणसाची फळी काढायला लावली. ती लाकडं कसली, ते तुला ठाऊक नसेल. गेल्या श्रावणात शेजारची रतनबाई गेली तेव्हा वाडीत सुकं लाकूड नव्हतं. शेवटी घाटरस्त्यावरून जुने टायर आणावे लागले, तरी रतनबाई दोन दिवस धुमसतच राहिली, जिवंतपणी धुमसायची तशी. ते बघून आत्याने स्वतःपुरतं सरण माळ्यावर रचून ठेवलं होतं. मी म्हणालो, यातली फळी नको, दुसरी आणतो. तर म्हणाली, "जळताना मला कुठं काय कळनार हाय? ऐकताना तरी कळंल." दादा, मी रंधा मारत होतो आणि रडत होतो. डोळ्यात भुसा गेला असं सगळ्यांना सांगितलं. त्या नादात पहिली फळी भोक पाडताना चिरली, दुसरी वाकडी निघाली, तिसरी जमली, आणि उरलेल्यातून पाय, टेकू झाले.

तू मोबाईलवर बोलून पाठवलेला निरोप ऐकायला वाडी अंगणात जमली. फळी आत्याच्या तोंडासमोर मांडणार, तेवढ्यात वाडीतल्या अंबूबाईंनी अडवलं. मागून चुंबक, वायरी सगळं दिसतंय, अशी उघडी पाठ देव्हाऱ्याकडे करायची नाही म्हणाल्या. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मग फळीचं तोंड देवाकडे, पाठ अंगणाकडे, आणि आत्याची खाट राहिली बरोबर फळीच्या कडेला. उघड्या फळीत खोट एकच. पुढचा आवाज आणि मागचा आवाज कडेला भेटले की एकमेकांना खातात, तिथे जवळजवळ काहीच पोचत नाही. पोटापाण्याचा धंदा माझा, आणि देवाच्या भिडेने हेच मी विसरलो.

निरोप तुझाच, तुला आठवत असेल. सुट्टी नाही, दिवाळीनंतर बघू, आणि तोवर आईचं काही बरंवाईट झालंच तर लगेच कळवा, तसा निघतो. पुढून तो देवांनी ऐकला, मागून वाडीने ऐकला. आत्या आपली कडेला पडून हसऱ्या तोंडाने एकेकाकडे बघत होती. मग तिने विचारलं, "काय म्हनला गं माजा कुमार?" देवासमोर आपण कधी खोटं बोललो नाही असं येता-जाता सांगणाऱ्या अंबूबाई देव्हाऱ्याकडे बघत म्हणाल्या, "येतो म्हनला. नवरात्राच्या आत."

वाडीने माना डोलावल्या. त्या दिवसापासून आत्या दोन घास खाते. तुझ्यासाठी नाचणी दळून ठेवायला लावलीय. रोज निरोप पुन्हा लावायला सांगते आणि आम्ही सगळे खाली बघत उभे राहतो. भोरच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलंय, त्याचा अर्थ तुला सांगायला नको. मला तुझा फार राग आलाय, दादा, आणि तू यावंस असंही फार वाटतंय.

वहिनींना नमस्कार, शेफालीला आशीर्वाद.

तुझा मामेभाऊ,
हनुमंत

ता. क. येताना टेम्पोत सुकी लाकडं घालून आण. माळा रिकामा आहे आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

आणखी एक ता. क. काल देवांची माफी मागून फळी आत्याकडे वळवायला गेलो. म्हटलं, तुझा पुढचा निरोप तरी तिला नीट ऐकू यावा. तिने माझा हात धरला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं हनुमंता. मला हितनंच बरं ऐकू येतं."