गेरूची रेघ

गुरुवार, ३० मे. दिवेलागणीनंतर.

तळहाताचा पिवळा रंग काही निघत नाही. खोबरेल लावून पाहिलं.

लग्न होऊन आनंदवल्लीत आले तेव्हा नदीपर्यंत नुसत्या पेरूच्या बागा. आता इमारती, आमच्या बागेची एक भिंत तेवढी कुंपणाला उरली. गोदावरीचा, म्हणजे आमच्या गंगेचा, मोठा पूर ओसरल्यावर सासूबाईंनी गंगेची ओटी भरली आणि भिंतीवर पाणी चढलं होतं तिथे गेरूने रेघ ओढली. "पाहुणी कुठवर आली होती, ते विसरू नये." दर पावसाळ्याआधी मी ती गिरवते. माझ्या खांद्याएवढी आहे. होती.

आज एक जोडपं तळमजल्याचा फ्लॅट भाड्याने बघायला आलं. मुलगी पोटुशी. तिने मलाच विचारलं, "काकू, इथवर पाणी येतं का हो?"

"येतं. ये, रेघ दाखवते."

भिंतीपाशी गेलो तर सगळी पिवळीधमक! सकाळीच रंगवली म्हणे. मला कोण विचारतंय? खांद्याशी हात टेकवून म्हटलं, "इथे." ओल्या रंगात पंजा उमटला. रंगाऱ्याने लगेच त्यावर रोलर फिरवला.

सोसायटीचे सेक्रेटरी हसले. "काकू, धरणातून पाणी आता सांगून सोडतात. घाबरवू नका तिला."

पोटुशीसमोर अशुभ तरी किती बोलणार? पंजा पदराला पुसला. त्या दोघांनी टोकन दिलं.

निघताना ती पाया पडली. माहेरी कुणी नाही, बाळंतपण इथेच, म्हणाली.

"कधी गं?"

"श्रावणात."