आई बाजूला बसली तवा

प्रिय संयू,

हे पत्र नाथाजी भाऊजींच्या हातनं पाठवती. ते गाडी घेऊन शिरवळच्या कंपनीत येत्यात. फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि सासूबाई शेजारी शेंगा फोडत बसलेल्या. त्यांच्यासमोर असलं बोलायचं कसं? चौथीपतोर शिकलेलीचं अक्षर हाय, हसू नगंस. वाचून झालं की फाडून टाक.

तुझ्या शिवांजलीला तू ती गर्भपिशवीच्या कॅन्सरची लस देणार न्हाईस म्हणं. सासूबाई म्हणत्यात, लगीन न झालेल्या पोरीला असल्या जागच्या रोगाची सुई कशाला, लोकं काय म्हणतील. जावई पाव्हणं म्हणत्यात, वाईट चालीच्या पोरींना द्या, आमच्या पोरीला काय गरज. आणि तू नुसती मान हलवलीस. अगं, तुला तोंड न्हाई का?

आपली आई कुठल्या चालीची होती गं? रान आणि घर, ह्याच्यापलीकडं तिनं कुंडल गावसुद्धा धड बघितलं न्हाई. तिला तोच रोग झाला. कुणाकडनं आला ते मी लिहीत न्हाई. आपले आण्णा आता देवाघरी हायत, त्यांच्या फोटोला हार मीच घालती. तू समजून घे.

तू तवा लहान होतीस. आईची पाळी कवाच बंद झालेली, आणि मग परत अंगावर जायला लागलं. तिला वाटलं, पाळीच परत आली. गुमान सोप्याच्या कोपऱ्यात वाकळ टाकून बाजूला बसली. तांब्या वेगळा, ताट वेगळं. आमी लांबनंच भाकरी वाढायचो. आजी तर तोंड वाकडं करून म्हणायची, ह्या वयात बाजूला बसती, लाज कशी वाटत न्हाई. आई अंघोळ करून उठायची, की परत बसायची. शेवटी ती त्या कोपऱ्यातनं उठायचीच बंद झाली. मिरजेला नेली तवा डॉक्टरीण वरडली, इतके दिवस काय करत होता? काय सांगणार? बाजूला बसवली होती.

सुईची भीती मलाबी वाटती, खोटं कशाला बोलू. सुई घेतली की पुढं मूल होत न्हाई, असं भिशीत बायका बोलत होत्या. म्हणून विश्रामबागच्या डॉक्टरणीला तोंडावर इचारलं. ती म्हणाली, मूल व्हायला काही अडत न्हाई. हात दुखतो, एखादीला घेरी येती, म्हणून सुईनंतर थोडा वेळ बसवून ठेवत्यात. जबरदस्ती न्हाई, आई-बापानं व्हय म्हणायला लागतं. आणि पुरुषाकडनं रोग शिवायच्या आधी, लग्नाच्या आधीच घ्यायची, म्हणून सगळ्याच पोरींना. मी म्हटलं, आणि पोरांना? रोग काय झाडावरनं पडतो व्हय? ती हसली. पोरांनाबी देता येती म्हणाली, पण फुकट सध्या पोरींनाच. मला हे पटलं न्हाई. पण तेवढ्यासाठी आपल्या पोरीला तसंच ठेवायचं का? मग मी म्हटलं, मलाच टोचा की एक. तवा मातूर ती हसली न्हाई.

तू पाव्हण्यांना इचारलंस, सासूबाईंना इचारलंस. शिवांजलीला कुणी इचारलं? अंग तिचं हाय. चौदा वर्सांची झाली, शाळेत विज्ञान शिकती. तिला समोर बसवून आपल्या आईचं काय झालं ते सांग.

आता तू म्हणशील, आक्का विश्रामबागला गेली कशाला? माझी पाळी जाऊन दोन वर्सं झाली. दसऱ्याच्या पुढं परत अंगावर जायला लागलं. आणि मी काय करावं? वाकळ घेतली आणि गुमान बाजूला बसले. सुनेनं ताट आणलं, लांबनंच सरकवलं, तवा आईचं ताट आठवलं. हातातला घास तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी एस.टी. धरली. डॉक्टरणीनं पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासायला दिलाय, सोमवारी सांगणार हाय. मालकांना अजून बोलले न्हाई. संडासला जायचं म्हटलं तरी भ्या वाटतं, खाली बघवत न्हाई. संयू, सोमवारी तू विश्रामबागला ये. शिवांजलीला संगट आण. मला काय सांगतील ते तिलाबी ऐकू दे, मग सुईचं तिला ठरवू दे. आणि दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बस, अगदी चिकटून. लांब बसू नगंस.

तुझीच,
आक्का